गंजलेली जुनी फोर बाय फोर लांबच्या प्रवासाला काढायची असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तीस वर्षांची डिझेल फोर बाय फोर हाती आलीय, खाली वेगळी चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, आणि वर बॉडी अशा जुन्या धाटणीची. गेली सात वर्षं ती उघड्यावर उभी होती. इंजिन चालू आहे असं आधीचा मालक म्हणतो, तुम्ही अजून चावी फिरवलेली नाही. दरवाज्यांच्या खालच्या कडा आणि पायाखालचा पत्रा सडलाय. दीड वर्षाने तिच्यातून कच्च्या रस्त्यांवरून लांब जायचंय. तर बॉडी उतरवून सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने गंज उडवणं) करून सगळं नव्यासारखं करावं का, गंजावर कोणतं कन्व्हर्टर (गंज बदलून टाकणारं औषध) लावावं, आणि रूफ टेंट (छतावरचा तंबू), विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारं दोराचं यंत्र), लोखंडी बंपर आत्ताच घेऊन ठेवावेत का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: आत्ता काहीही घेऊ नका. कन्व्हर्टरचा प्रश्न तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. बॉडी उतरवायची की नाही, हे मात्र तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही, ते चासी ठरवणार. आणि चासी कशी आहे, याबद्दल तुमच्या प्रश्नात एक शब्दही नाही.

गंज म्हणजे गंज, मग तो दरवाज्याचा असो की चासीचा, असं तुम्ही धरलंय, तिथेच माझा आक्षेप आहे. दरवाज्याला भोक पडलं तर धूळ येते, पाणी येतं, बायको-मुलं कुरकुरतात. मागच्या पाट्याचं (लीफ स्प्रिंगचं) हँगर चासीत जिथे बसलंय तिथे भोक पडलं, तर भरल्या गाडीत एखाद्या खड्ड्यात ॲक्सल जागा सोडतो. पहिल्या गंजासोबत तुम्ही पाच वर्षं प्रवास करू शकता. दुसऱ्यासोबत गाडी अंगणाबाहेरही काढू नये. डोळ्याला मात्र पहिलाच जास्त बोचतो, म्हणून सगळे आधी तिकडेच धावतात.

वरच्या बॉडीवरून खालचा अंदाज बांधू नका. लँड रोव्हर १९४८ मध्ये आली तेव्हा महायुद्धानंतरची पोलादाची टंचाई होती, म्हणून तिची बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली गेली. चासी आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधली भिंत) पोलादाचीच राहिली. त्यामुळे त्या घराण्यातल्या कितीतरी गाड्या वरून धडधाकट दिसतात आणि मागचा क्रॉसमेंबर (चासीचा आडवा दांडा) बोटाने खरवडला तरी सुटून येतो. याउलट, पूर्ण पोलादी बॉडीच्या काही जुन्या गाड्यांत पावसाच्या पन्हाळी आणि चाकांवरचे पत्रे चाळणी झालेले असतात आणि चासी खणखणीत निघते. तुमची कोणत्या जातीची आहे ते बघूनच कळेल.

आता बघायचं कसं. चासीचे दोन मुख्य दांडे बहुतेक गाड्यांत पेटीसारखे बंद असतात. चाकांनी उडवलेला चिखल भोकांतून आत जातो, खाली बसतो, पाणी निचरायची भोकं बुजवतो आणि वर्षानुवर्षं ओला राहतो. म्हणून चासी आतून बाहेर सडते, आणि बाहेरचा रंग शाबूत असतानाही पत्रा कागदासारखा झालेला असू शकतो. गाडी मजबूत स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. साधी छोटी हातोडी घ्या आणि दांड्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दर चार बोटांवर ठोकत जा. चांगला पत्रा खणकन वाजतो. सडलेला किंवा आत चिखल भरलेला पत्रा बद्द आवाज करतो. बद्द वाजलं तिथे जाड टोचणी किंवा जुना स्क्रू ड्रायव्हर जोर लावून दाबा. दांड्याच्या खालच्या बाजूला, मागच्या चाकाच्या वर जिथे चासी वाकून चढते तिथे, पाट्यांच्या हँगरभोवती, स्टिअरिंग बॉक्स बसतो त्या जागी, इंधनाच्या टाकीच्या वर आणि बॉडी माउंटांच्या (बॉडी चासीवर जिथे बसते त्या जागांच्या) आसपास जास्त वेळ द्या. सगळं मिळून अर्धा दिवस लागतो.

एक अनुभव सांगतो. माझी दुसरी गाडी मी तिच्या खालच्या बाजूला भुलून घेतली होती. काळंभोर, ताजं अंडरकोटिंग, कुठे डाग नाही. इतक्या जुन्या गाडीची खालची बाजू इतकी सुंदर का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. घरी आणून ठोकली तर डाव्या दांड्यात हातभर लांबीवर पत्रा जवळजवळ नव्हताच. आत फायबरची जाळी, वर लांबी म्हणजे पुट्टी, आणि त्यावर डांबरासारखा तो लेप. तेव्हापासून खालून चमकणारी जुनी गाडी दिसली की मी हातोडी आधी काढतो आणि बोलतो नंतर.

ठोकून झालं की तुम्ही तीनपैकी एका ठिकाणी पोचाल. फक्त वरवरचा गंज असेल, हाताला तांबूस भुकटी लागते पण खाली पत्रा टणक आहे, तर बॉडी उतरवायचा विचार सोडा. दोन-चार जागी, आणि त्याही सोयीच्या जागी, पत्रा गेला असेल तर तेवढं कापून वेल्डिंग होतं. पण हँगर, स्टिअरिंगची जागा आणि दांड्यांचे वाकलेले भाग अशा तीन-चार महत्त्वाच्या ठिकाणी एकाच वेळी सड असेल, तर ठिगळांवर ठिगळं लावण्यापेक्षा चासी बदलणं किंवा गाडी बदलणं शहाणपणाचं. लँड रोव्हर डिफेंडरसारख्या काही गाड्यांना अख्खी नवी गॅल्व्हनाइज्ड (झिंकचा थर दिलेली) चासी मिळते, बऱ्याच गाड्यांना मिळत नाही. इथे तुमचं मॉडेल, तुमचा वेळ आणि तुमचा लोभ यांवर बरंच अवलंबून आहे.

यातच एक गोष्ट लोक विसरतात. चासी नंबर बहुतेक गाड्यांत चासीच्या दांड्यावरच कोरलेला असतो. तो गंजाने पुसला गेला किंवा ठिगळाखाली गेला, तर नोंदणीला अडचण येतेच, पण देशाच्या सीमेवर जास्त. कार्ने दे पासाज या, गाडी तात्पुरती परदेशात नेताना लागणाऱ्या कस्टमच्या कागदावर चासीचा आणि इंजिनाचा नंबर लिहिलेला असतो आणि कस्टमचा माणूस तो गाडीवर शोधतो. म्हणून वायर ब्रश मारायच्या आधी त्या जागेचा फोटो काढा, ती हाताने साफ करा, आणि चासी बदलायची असेल तर जिथे नोंदणी आहे तिथले नियम आधी लेखी विचारून घ्या.

वेल्डिंग तुम्ही स्वतः करणार असाल तर दरवाज्यांवर हात बसवा, चासीवर शिकू नका. तरीही काय सांगायचं ते कळावं म्हणून लिहितो. गंजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चढवून भोवती वेल्ड मारणं हे सगळ्यात जास्त दिसणारं आणि सगळ्यात वाईट काम. दोन पत्र्यांच्या मध्ये ओल अडकते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेत असल्यामुळे फुगून वेल्डच फोडतो. सडका भाग टणक धातू लागेपर्यंत कापून काढायचा आणि तेवढ्याच जाडीचा तुकडा बसवायचा. चासीचा पत्रा साधारण २ ते ४ मिलिमीटर असतो. दुप्पट जाड तुकडा लावला की ताकद वाढत नाही, त्याच्या कडेला चीर जाते. तुकड्याचे कोपरे गोल ठेवायचे, आणि दांड्याच्या आडवा सरळ वेल्ड टाळून तिरका किंवा माशाच्या शेपटीसारखा आकार घ्यायचा, म्हणजे सगळा ताण एका रेषेत येत नाही. कापण्यापूर्वी चासीची कर्णांची मापं घेऊन ठेवायची आणि एका वेळी एकच जागा उघडायची. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर चासी कधी पिळली गेली ते कळतही नाही.

वेल्डिंगआधी बॅटरी आणि आल्टरनेटरच्या वायरी सोडवा, इंधनाची टाकी उतरवून लांब ठेवा. आणि ब्रेक क्लीनरने पत्रा पुसून लगेच वेल्ड मारायची सवय असेल तर डब्यावर वाचा. क्लोरीन असलेल्या क्लीनरचा अंश राहिला तर आर्कच्या उष्णतेने आणि प्रकाशाने फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. झिंकचा थर असलेला पत्रा असेल तर थर घासून काढा आणि हवा खेळती ठेवा, नाहीतर त्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. मी तो काढलाय. एकदा पुरे.

आता कन्व्हर्टर. बाजारातली बहुतेक औषधं दोन प्रकारची असतात. फॉस्फोरिक ॲसिडची, जी गंजाचं लोह फॉस्फेट करतात, आणि टॅनिक ॲसिडची, जी त्याला काळसर टॅनेटमध्ये बदलतात. दोन्ही फक्त पातळ थरापर्यंत पोचतात. पोपडे सुटताहेत तिथे वरचा थर काळा होतो, तुम्हाला समाधान मिळतं आणि खाली काम चालूच राहतं. म्हणून आधी पोपडे हातोडीने आणि खरवणीने पाडा, मग वायर ब्रश, आणि खोल खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठीच औषध. त्यावर इपॉक्सी प्रायमर. झिंकचा प्रायमर वापरायचा असेल तर त्याला नागडा धातू लागतो. झिंक लोखंडाला चिकटून स्वतः झिजतं आणि लोखंड वाचवतं. मध्ये कन्व्हर्टरचा थर आला की तो सगळा खटाटोप वाया.

बाहेरून एवढं केलं तरी चासी आतून सडते हे वर म्हटलंच आहे. म्हणून खरं काम आत आहे. निचऱ्याची सगळी भोकं तारेने मोकळी करा, जोराच्या पाण्याने दांडे आतून धुवा, निघणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. पहिल्यांदा बादलीभर माती पडली तर घाबरू नका. मग कोरड्या हवेत काही दिवस वाळू द्या आणि लांब नळीच्या, चहूबाजूंनी फवारणाऱ्या नोझलने आत मेण किंवा लॅनोलिनचा (लोकरीतून निघणाऱ्या चरबीचा) लेप मारा. हा लेप ओलसर राहतो, फटींत सरकतो, आणि दरवर्षी पुन्हा मारावा लागतो. रबरासारखं किंवा डांबरासारखं जाड अंडरकोटिंग मी लावत नाही. ते कुठेतरी तडकतं, पाणी मागे शिरतं, आणि मग ते लोखंडाला ओलं फडकं गुंडाळल्यासारखं होतं.

पायाखालचा पत्रा बदलण्याआधी पाणी कुठून आलं ते शोधा. हे पाऊल जवळजवळ सगळेच गाळतात. गालिचा आणि त्याखालचा फोम उपटून काढा. तो फोम महिनोन्‌महिने ओला राहतो. एकाला टॉर्च घेऊन आत बसवा आणि बाहेरून पाइपने पाणी मारा, खालून वर चढत. बहुधा पुढच्या काचेचं रबर, हवा येण्याच्या जाळीखालची कुंडी, छताच्या कॅरियरची भोकं किंवा दरवाज्याच्या तळाची बुजलेली छिद्रं यांपैकी काहीतरी सापडतं. ते बंद न करता नवा पत्रा लावलात तर चार वर्षांनी पुन्हा तेच वेल्डिंग.

म्हणजे इथपर्यंतचा क्रम असा झाला: ठोकून बघणं, चासीचा निर्णय, चासीची दुरुस्ती, आतला लेप, पाण्याची वाट बंद, आणि मग पायाखालचा पत्रा. दरवाज्यांच्या कडा आणि रंग अजून यादीतही आलेले नाहीत, आणि ते येणार आहेत अगदी शेवटी.

बॉडी उतरवायला मी इतका का कचरतो? पहिली गाडी मी अशीच पूर्ण उघडली होती. मोठ्या हौसेने. बोल्ट डब्यांत, डब्यांवर चिठ्ठ्या. दोन पावसाळ्यांत चिठ्ठ्यांवरची शाई उडाली. काही भाग उघडे पडल्यामुळे नव्याने गंजले. गाडी ढकलूनही हलत नव्हती, त्यामुळे तिच्याकडे बघायचाच कंटाळा यायला लागला. पुढच्या मालकाने ती खोक्यांतून नेली. उघडायला दोन शनिवार-रविवार पुरतात. जोडायला मला चार वर्षांतही जमलं नाही. तेव्हापासून नियम केला, की दर महिन्याच्या शेवटी गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली पाहिजे आणि शक्यतो चालली पाहिजे. जे काम हा नियम मोडतं ते खरंच अटळ आहे का, हे दोनदा विचारतो. चासी बदलणं अटळ असेल तर बॉडी उतरवा, त्याला इलाज नाही. पण मग दीड वर्षाची तारीख विसरा.

इंजिनाबद्दल थोडक्यात, कारण जुनी साधी डिझेल इंजिनं बहुधा लोकांना वाटतात त्याहून चिवट असतात. चावी मात्र लगेच फिरवू नका. जुनं डिझेल आणि ऑइल काढून नवं भरा, ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू व्हावं म्हणून सिलिंडर तापवणारे प्लग) सोडवून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, आणि सकाळी क्रँकच्या पुलीवर पाना लावून हाताने फिरवा. अडकलं तर जोर करू नका. टायमिंग बेल्ट असेल तर किलोमीटर न बघता बदला. रबर वयाने मरतं. मग ग्लो प्लग बाहेर असतानाच ऑइलचं प्रेशर येईपर्यंत स्टार्टर मारा. पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा हवेच्या पाइपवर दाबायला जाड सपाट फळी जवळ ठेवा. इंधनाचा पंप अडकून डिझेल इंजिन सुसाट सुटलं तर चावी काढून ते थांबत नाही, हवा तोडावी लागते. हात किंवा फडकं लावू नका.

ब्रेकमध्ये काटकसर नको. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओल धरल्यावर ती हद्द १५५ पर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर, भरल्या गाडीत, हा फरक पेडल थेट तळाला जाण्याएवढा असतो. सात वर्षं उभ्या गाडीत ऑइल, रबरी होज, सिलिंडरांची रबरं सगळं बदला. पोलादी नळ्या गंजल्या असतील तर तांबे-निकेलच्या टाका, त्या गंजत नाहीत आणि हाताने वळतात.

पुढे स्टिअरिंगचे जॉइंट, किंगपिनची (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळ्यांची) आणि चाकांची बेअरिंगं, रेडिएटर, सगळे होज, थर्मोस्टॅट. ॲक्सलच्या ब्रीदर नळ्या (आतली हवा ये-जा करायच्या) इंजिनापर्यंत वर न्या. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर बुजलेला असला तर सीलमधून पाणी ओढलं जातं. मग गिअर ऑइल दुधाळ होतं. टायरचा पट्टा कितीही नवा दिसला तरी बाजूवरचे चार आकडे वाचा. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. तुमच्या गाडीचे टायर बहुधा त्याहूनही जुने निघतील.

वायरिंगबद्दल एकच सांगतो. जुन्या गाडीतले निम्मे भुताटकीचे दोष अर्थिंगचे असतात. एकदा वाळवंटाच्या कडेला संध्याकाळी माझी गाडी स्टार्ट होईना. बॅटरी चांगली, स्टार्टर चांगला. दोन तासांनी सापडलं: इंजिन ते चासी जोडणारी अर्थची पट्टी एका टोकाला हिरवी पडली होती. चासीला रंग दिलात की हे जास्तच होतं, कारण रंगावर अर्थ बसत नाही. ती सगळी टोकं उघडून, धातूपर्यंत घासून, ग्रीस लावून बसवा. जादा बॅटरी जोडाल तर फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा.

आता तुमचं सामान. बेरीज करून बघा. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो. जादा ऐंशी लिटर डिझेल सदुसष्टच्या आसपास. रूफ टेंट साठ. लोखंडी बंपर आणि विंच मिळून शंभरच्या आसपास, फ्रिज, दुसरी बॅटरी आणि ड्रॉवर आणखी तेवढेच. माणसं बसायच्या आधीच चारशे किलोच्या घरात गेलात, आणि तेही ज्या चासीत तुम्ही नुकतं वेल्डिंग केलंय तिच्यावर. गाडीच्या पाटीवरचं कमाल वजन नव्या, न गंजलेल्या गाडीसाठी असतं. विंच गाडीच्या भरल्या वजनाच्या दीडपट ताकदीची घ्यावी असा संकेत आहे. म्हणजे तीन टनांच्या गाडीत साडेचार टनांची ओढ चासीच्या पुढच्या दोन टोकांवर येणार. ती टोकं तुम्ही अजून ठोकून बघितलेली नाहीत. म्हणून म्हटलं, आत्ता काही घेऊ नका. पहिल्या प्रवासाला जमिनीवर लावायचा तंबू, पाण्याचे कॅन आणि चांगला ओढदोर पुरतो. आपण काय वापरतो ते कळलं की यादी आपोआप छोटी होते.

तारखेचं म्हणाल तर निघायच्या आधीचे किमान तीन महिने दुरुस्तीसाठी धरूच नका, चालवण्यासाठी ठेवा. आधी घराभोवती, मग दोनशे किलोमीटर, मग पूर्ण भरून तीन दिवस कच्च्या रस्त्यावर. प्रत्येक फेरीनंतर पाट्यांचे यू-बोल्ट आणि बॉडी माउंट पुन्हा आवळा, वेल्डच्या कडांना रंगात बारीक रेघ उमटलीय का ते टॉर्चने बघा. तिथे रेघ म्हणजे खाली चीर असायची शक्यता धरून चालायचं.

या आठवड्यात मात्र एवढंच करा: गाडी स्टँडवर घ्या, दोन्ही दांडे ठोका, बद्द वाजेल तिथे खडूने गोल करा आणि टोचणी किती आत गेली ते शेजारी लिहा. मागचा क्रॉसमेंबर, चारही हँगर आणि स्टिअरिंग बॉक्सची जागा यांचे फोटो खडूच्या खुणांसकट पाठवा, मग वेल्डिंग की चासी बदल यावर बोलू.